जुना ग्रामोफोन अस्सल आहे की जोडून केलेला? एकेक भाग कसा ओळखायचा

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळताना हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. चकचकीत पितळी कर्णा, खाली अष्टकोनी लाकडी पेटी, पेटीवर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा आणि सोबत एक ओळ : "१९०५चा ओरिजिनल एचएमव्ही, चालू स्थितीत."

अशी बरीचशी यंत्रं १९०५ची नसतात. गेल्या काही दशकांत ती भारतातच मोठ्या संख्येने तयार झाली, पर्यटकांना विकली गेली आणि परदेशातही पोहोचली. तिकडचे संग्राहक त्यांना चिडून 'क्रॅपोफोन' म्हणतात. यातली पेटी नवी असते, कर्णा नवा असतो, पण आतली मोटर अनेकदा खरोखरच जुनी असते. ती येते कुणाच्या तरी घरातून भंगारात गेलेल्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून. म्हणजे एक खोटं यंत्र उभं करताना एक खरं यंत्र मोडलेलं असतं.

म्हणून "हा ग्रामोफोन खरा की खोटा?" हा प्रश्न पुरेसा नाही. यातला कोणता भाग मूळचा आहे, कोणता नंतर बदललाय आणि कोणता दुसऱ्याच यंत्राचा आहे, हे विचारायला हवं. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. एक टॉर्च, एक लोहचुंबक आणि थोडा धीर एवढं पुरतं.

आधी दोन यंत्रांमधला फरक

फोनोग्राफ आणि ग्रामोफोन हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण मुळात ती दोन वेगळी यंत्रं आहेत. थॉमस एडिसनने १८७७मध्ये बनवलेला तो फोनोग्राफ. त्यावर नळकांडं, म्हणजे सिलिंडर वाजतो. एमिल बर्लिनरने १८८७मध्ये पेटंट घेतलं तो ग्रामोफोन. त्यावर सपाट तबकडी वाजते.

फरक फक्त आकाराचा नाही. एडिसनच्या सिलिंडरवर आवाजाच्या खाचा खोल-उथळ असतात, त्यामुळे सुई वर-खाली हलते. बर्लिनरच्या तबकडीवर खाच नागमोडी असते, त्यामुळे सुई डावी-उजवीकडे हलते. म्हणूनच एकाचा आवाज काढणारा भाग दुसऱ्याला चालत नाही.

गंमत म्हणजे एचएमव्हीच्या त्या प्रसिद्ध चित्रातही हा बदल झालेला आहे. फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराने निपर हा कुत्रा आधी सिलिंडरच्या फोनोग्राफसमोर बसलेला रंगवला होता. १८९९मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायची तयारी दाखवली, पण आमचं यंत्र दाखवा या अटीवर. मग त्याच चित्रावर पुन्हा रंग देऊन तिथे ग्रामोफोन काढला गेला.

आपल्याकडच्या वाड्यांमध्ये आणि माळ्यांवर सापडतात ते बहुतेक तबकडीचे ग्रामोफोन. म्हणून आधी त्यांचे भाग पाहू, शेवटी फोनोग्राफकडे वळू.

कर्णा : सगळ्यात जास्त फसवणारा भाग

नजर आधी कर्ण्यावर जाते, म्हणून बनावटही तिथूनच सुरू होते. कर्ण्याला लोहचुंबक लावून पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फुलासारखे पाकळ्यांचे कर्णे मोठ्या प्रमाणात लोखंडी पत्र्याचे आणि रंगवलेले असत. काळा, गडद लाल, निळा, हिरवा असे रंग, कधी आत फुलांची नक्षी. महागड्या यंत्रांना लाकडी कर्णेही होते. पितळी कर्णेही होते, विशेषतः सुरुवातीच्या काळात, पण ते साधे शंकूसारखे. पाकळ्या-पाकळ्यांचा, पूर्ण पितळी, आरशासारखा चकाकणारा कर्णा दिसला की सावध व्हा.

पुढची खूण कर्णा आणि यंत्र जोडणाऱ्या कोपराची. मूळ कोपर जाड, एकसंध आणि आतून गुळगुळीत असतं. बनावट कोपरात पत्र्याचे तुकडे डाख देऊन जोडलेले दिसतात किंवा वळणावर सुरकुत्या पडलेल्या असतात. कर्ण्याचं वजन पेलणारा मागचा कंसही पाहा. मूळ कंस ओतीव आणि भरभक्कम असतो. पातळ पट्टी वाकवून केलेला कंस कर्णा लावताच डुगडुगतो.

टोनआर्म : पाईप की निमुळती नळी?

साउंड बॉक्सपासून कर्ण्यापर्यंत आवाज नेणारी नळी म्हणजे टोनआर्म. चांगल्या मूळ यंत्रात ती सुईकडे अरुंद असते आणि कर्ण्याकडे हळूहळू रुंद होत जाते. या निमुळत्या टोनआर्ममागे शास्त्र आहे. सुईपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंतचा सगळा मार्ग एकसारखा रुंदावत गेला, तर आवाज न अडखळता बाहेर पडतो. अमेरिकेत व्हिक्टर कंपनी स्थापन करणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सनने ही रचना रूढ केली.

बनावट यंत्रात अनेकदा एकाच जाडीचा पाईप वाकवून बसवलेला असतो. असं यंत्र वाजतं, पण आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. टोनआर्मच्या बुडाशी बोट लावून हलवून पाहा. मूळ सांधा सहज फिरतो आणि त्यात फार खेळ नसतो.

साउंड बॉक्स : यंत्राचा गळा

सुई बसवायचा तो गोल डबीसारखा भाग म्हणजे साउंड बॉक्स. सुईची थरथर त्यातल्या पातळ पडद्याला मिळते आणि पडद्यातून आवाज उमटतो. यंत्राचा काळ ठरवायला हा भाग फार उपयोगी आहे, कारण कंपन्यांनी तो वेळोवेळी बदलला आणि त्यावर नावं-आकडे घातले.

व्हिक्टर आणि ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या यंत्रांवर 'एक्झिबिशन' हा साउंड बॉक्स असे. त्याचा पडदा अभ्रकाचा. पुढे एचएमव्हीचे क्रमांक २ आणि ४चे साउंड बॉक्स आले, तेही अभ्रकाचे. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. तबकड्यांवर पूर्वीपेक्षा जास्त बारकावे उतरू लागले आणि ते वाजवायला अॅल्युमिनियमच्या पडद्याचे साउंड बॉक्स आले. एचएमव्हीचा क्रमांक ५ आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या या घराण्यातल्या. म्हणजे '१९१०चं यंत्र' म्हणून दाखवलेल्या ग्रामोफोनवर अॅल्युमिनियमच्या पडद्याचा साउंड बॉक्स असेल, तर तो नंतर लावलेला आहे.

हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा.

- अक्षरं : मूळ ठशाची अक्षरं बारीक आणि टोकदार असतात. जुन्या भागाचा साचा घेऊन नवा भाग ओतला की अक्षरांच्या कडा बोथट होतात.
- पडदा : खऱ्या अभ्रकात उजेडाकडे धरल्यावर थर दिसतात, कधी कडेला चंदेरी ठिपके किंवा पोपडे. प्लास्टिकचा पडदा एकसारखा नितळ दिसतो.
- रबर : पडद्याच्या कडेचं रबर शंभर वर्षांत लाकडासारखं कडक होतं. ते मऊ असेल तर बदललेलं आहे. पण हा दोष नव्हे, उलट चांगली देखभाल आहे.

काही साउंड बॉक्स आणि टोनआर्म जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असत. या धातूत अशुद्धी राहिली असेल तर काही दशकांनी तो आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी हाताने तुटतो. अशा तडा गेलेल्या भागावर जोर देऊन तो काढायचा प्रयत्न करू नका. तो मूळ असण्याची शक्यता आहे, पण एकदा तुटला की जोडता येत नाही.

मोटर आणि चावी

वरची थाळी उचला. थाळी सहसा सरळ वर निघते, काही यंत्रांत मध्ये एक छोटी पिन असते. खालची फळी उघडल्यावर स्प्रिंगचा गोल डबा, दातेरी चक्रं आणि तीन छोटी वजनं असलेला गव्हर्नर दिसेल. वेग वाढला की ही वजनं बाहेर फाकतात, एक चकती ब्रेकच्या गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. वीज नसताना तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे एकसारखी फिरायची, ती यामुळे.

मोटर जुनी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ती या पेटीसाठीच बनली होती का, हे पाहायचं. मोटरच्या फळीवर भरलेली जुनी भोकं आहेत का? स्क्रूच्या भोवती लाकूड ताजं, फिक्या रंगाचं दिसतं का? चावीचं भोक कानशीने वाढवलंय का? मूळ यंत्रात चावी भोकाच्या बरोबर मध्ये येते, आणि वर्षानुवर्षं फिरवल्यामुळे भोकाभोवती घासल्याची गोल खूण असते.

स्क्रू बोलतात

जाणकार माणूस कर्ण्याआधी स्क्रू पाहतो. जुन्या यंत्रांचे स्क्रू सरळ खाचेचे असतात. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला. १९१०च्या यंत्रात तो दिसला तर कुणाचा तरी हात तिथे लागलेला आहे, एवढं नक्की. ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे आटे मिलिमीटरच्या मापाचे नसतात. आजचा स्क्रू अर्धा फिरून अडतो किंवा सैल बसतो. जबरदस्तीने पिळला तर मूळ आटे कायमचे जातात.

मुलामा हीसुद्धा तारीख सांगणारी खूण आहे. जुन्या भागांवर निकेलचा मुलामा असे. त्याची झाक किंचित पिवळसर आणि उबदार. निळसर, थंड चमक देणारा क्रोम १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. म्हणून १९३०नंतरच्या पोर्टेबलवर क्रोम शोभतो, कर्ण्याच्या काळातल्या यंत्रावर नाही.

पेटी आणि नावाची पट्टी

पेटी बाहेरून नाही, आतून पाहा. बाहेरचं पॉलिश कुणीही नव्याने करू शकतं. आतल्या उघड्या लाकडाला मात्र हवेने, धुळीने आणि ग्रीसच्या वाफेने आलेला तपकिरी रंग सहज आणता येत नाही. आत ताज्या व्हार्निशचा वास, एमडीएफची फळी किंवा नव्या कोऱ्या खिळ्यांची डोकी दिसली तर उत्तर मिळालं.

नाव आणि चिन्हावरूनही ताळा करता येतो. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर कुत्रा नव्हे, तर पंखाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत असे. कुत्र्याचं चित्र तबकड्यांवर आलं १९०९पासून. ईएमआय ही कंपनी १९३१मध्ये जन्माला आली, त्यामुळे ते नाव असलेली पट्टी त्याआधीची असूच शकत नाही. मूळ चिन्ह बहुधा लाकडावर उमटवलेलं, आकाराने बेताचं आणि जागोजागी विरलेलं असतं. पेटीची एक अख्खी बाजू व्यापणारं, झळझळीत रंगाचं किंवा पत्र्यावर ठोकलेलं चित्र हे पर्यटकांसाठी असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. परदेशी मोटर आणि साउंड बॉक्स आणून स्थानिक पेटीत बसवलेली यंत्रं त्या काळातही विकली जात. त्यांच्यावर एखाद्या शहरातल्या विक्रेत्याची पट्टी असते. अशी यंत्रं बनावट नाहीत. ती त्या काळचीच आहेत, आणि ग्रामोफोन इथल्या बाजारात कसा रुजला याचा तो पुरावा आहे. मोटर, लाकूड, स्क्रू आणि झीज या चौघांचं वय एकमेकांशी जुळतं का, हीच कसोटी इथेही लावायची.

पोर्टेबलला कमी लेखू नका

सुटकेससारखा बंद होणारा, कर्णा नसलेला ग्रामोफोन घरात सापडला की लोक हिरमुसतात. खरं तर बनावटीची शक्यता तिथे सगळ्यात कमी असते. एचएमव्हीचं १०१ हे मॉडेल १९२५च्या सुमाराचं आणि त्यानंतरचं १०२ हे १९३१पासून १९५०च्या दशकापर्यंत बनत होतं. कर्णा त्यात असतोच, फक्त पेटीच्या आत दडवलेला. नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या किती तरी तबकड्या मराठी घरांनी अशाच यंत्रांवर ऐकल्या.

हीच यंत्रं फोडून त्यांच्या मोटरी पितळी कर्ण्यांखाली जातात. "याला कर्णा लावून देतो, शोभेल" असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

सिलिंडरचा फोनोग्राफ असेल तर

एडिसनची यंत्रं भारतात कमी दिसतात, पण परदेशातून घेताना काही गोष्टी माहीत असाव्यात. यंत्रावरच्या धातूच्या पट्टीवर मॉडेलचं नाव आणि क्रमांक असतो. पट्टीच गायब असेल तर प्रश्न विचारा.

तबकडीच्या साउंड बॉक्सचं काम इथे रिप्रोड्यूसर करतो. त्यावर अक्षर असतं. 'सी' हा दोन मिनिटांच्या सिलिंडरसाठी, 'एच' चार मिनिटांच्या आणि 'के' दोन्हींसाठी. इथे एक चकवा आहे. यंत्राच्या मॉडेललाही ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. 'स्टँडर्ड' यंत्राच्या 'बी' मॉडेलवर 'सी' रिप्रोड्यूसर असणं बरोबर आहे. अक्षरं जुळत नाहीत म्हणून भाग बदललाय असं समजू नका.

दुसरी गोष्ट चार मिनिटांच्या सिलिंडरची. तो १९०८मध्ये आला. त्यावर एका इंचात १००ऐवजी २०० खाचा होत्या, त्यामुळे जुन्या यंत्रांना वेगळी दातेरी चक्रं लागली. ती जोडणी एडिसनच्या कंपनीनेच विकली. म्हणून १९०५च्या यंत्रावर नंतरची चक्रं असली तरी तो त्या काळातला अधिकृत बदल असू शकतो.

आणि हिऱ्याच्या टोकाचा रिप्रोड्यूसर मेणाच्या सिलिंडरवर कधीही ठेवू नका. तो निळ्या सेल्युलॉइडच्या सिलिंडरसाठी आहे. मेणाची खाच त्याने खरवडली जाते.

बदललेलं म्हणजे वाईट नव्हे

सगळं मूळ असण्याचा हट्ट धरला तर कुठलंच यंत्र वाजणार नाही. झिजणारे भाग आणि ओळख देणारे भाग वेगळे समजा.

- बदलले तरी चालतील : साउंड बॉक्सचं रबर, मोटरची स्प्रिंग, थाळीवरची बनात, ग्रीस, ब्रेकची गादी. स्टीलची सुई तर तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवी लावायची असते.
- बदलले तर किंमत आणि ओळख दोन्ही घटतात : साउंड बॉक्स, टोनआर्म, कर्णा आणि कोपर, मोटर, पेटी, नावाची पट्टी.
- नवा भाग चालेल, पण सांगायला हवा : फुगून तुटलेल्या जस्ताच्या भागाची नवी प्रत.

फोनवरून खरेदी करताना हे सहा फोटो मागा

१. साउंड बॉक्सची पुढची आणि मागची बाजू, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून.
२. टोनआर्म वरून, पूर्ण लांबीचा.
३. कर्णा आणि यंत्र जुळतात तो सांधा, मागच्या बाजूने.
४. थाळी काढून मोटरची फळी.
५. पेटी आतून.
६. चावीचं भोक, चावी बाहेर काढून.

खरा विक्रेता हे फोटो आनंदाने पाठवतो. फक्त कर्ण्याचेच फोटो येत राहिले तर वेळ घालवू नका. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष जात असाल, तर हीच यादी खिशात ठेवा.

यंत्र शंभर वर्षांहून जुनं असेल आणि परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायचं असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक वस्तू येतात आणि त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

घरातच जुनं यंत्र असेल तर

आधी काहीही पुसू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चावी पूर्ण भरू नका, चार-पाच फेरे देऊन थाळी फिरते का ते पाहा. वाळलेल्या ग्रीसमुळे अडकलेली मोटर जोराने फिरवली तर स्प्रिंग तुटते. वेग तपासायचा असेल तर तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवा आणि अर्ध्या मिनिटात ३९ फेरे होतात का ते मोजा.

पहिल्यांदा वाजवताना आजोबांची जपून ठेवलेली तबकडी घेऊ नका, एखादी साधी घ्या. विनाइलची एलपी तर अजिबात नको. या साउंड बॉक्सचं वजन शंभर ग्रॅमहून जास्त असतं, एलपीसाठीची सुई दोन-तीन ग्रॅमने टेकते. एकाच वेळेत एलपीची वाट लागेल.

दुरुस्तीला दिलंत तर दोन गोष्टी आधीच ठरवा : नवं भोक पाडायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यायचा. ते तुटके रबर, ती गंजलेली स्प्रिंग, तो अर्धा पडदा पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून पेटीतच ठेवा. पन्नास वर्षांनी घरातलं कुणीतरी हाच प्रश्न विचारेल की यातलं मूळचं काय आहे. त्याचं उत्तर त्या पिशवीत असेल.